रुखसती व्हिसा आल्यावर

नसरुद्दीन परकारांना जगातला कुठलाही कागद कळतो, अशी कतारमधल्या अल वक्रातल्या निम्म्या कोकणी लोकांची समजूत होती आणि खुद्द नसरुद्दीनची तर खात्रीच होती. अठ्ठावीस वर्षं ते मुशैरिबमधल्या एका बांधकाम कंपनीत पीआरओ होते. म्हणजे कंपनीच्या माणसांचे व्हिसे, मेडिकल, अटेस्टेशन यांच्या फायली घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणं हे त्यांचं काम. कुणाचा अर्ज परत आला की लोक त्यांना फोन करायचे आणि नसरुद्दीन कागद न बघताच सांगायचे, "दुसऱ्या पानावर शिक्का राह्यलाय. जा, मारून आण." दहातल्या नऊ वेळा शिक्काच राहिलेला असायचा.

त्यामुळे त्या मंगळवारी अमेरिकन एम्बसीबाहेर गाडीत बसताना त्यांना काडीचीही धास्ती नव्हती. आत त्यांची लेक माहिरा इंटरव्ह्यूला गेली होती. तिचा नवरा उमैर न्यू जर्सीत असायचा. आई-बाप महाडकडचे, तो मात्र तिकडचाच नागरिक. त्याने बायकोच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज भरून सव्वा वर्ष झालं होतं, तेव्हा कुठे हे बोलावणं आलं होतं. फाइल नसरुद्दीननी जातीने लावली होती. मुंग्यांना शिरायला फट ठेवली नव्हती.

माहिरा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पासपोर्ट होता. काम झालं की पासपोर्ट आत ठेवून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"काय झाला?"

"काय नाय, अब्बा. आणखी थोडा प्रूफ मागतात."

"कसला?"

"लग्नाचा."

"निकाहनामा दिलास?"

"दिला."

"इंग्लिश ट्रान्सलेशन? अटेस्टेशनवाला?"

"सगळा दिला, अब्बा. वर्षभराची मुदत हाय. तेवढ्यात नाय दिला तर केस बंद."

"अगो, पण निकाहनाम्याच्या वर आणखी कसला प्रूफ?"

माहिराने एसीची जाळी आपल्या तोंडाकडे वळवली आणि हातातला पांढरा कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला. तिचे कान लालभडक झाले होते. उन्हाने झाले असतील, असं नसरुद्दीनना वाटलं. बापाला जे सोयीचं तेच वाटतं.

आता त्या लग्नाचं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच होती. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत निकाह ठरला होता. हॉल घेतला होता, दीडशे माणसांची बिर्याणी दमावर होती, आणि तिकडे नेवार्कच्या विमानतळावर बर्फाचा असा मारा सुरू झाला की उमैरचं विमान जमिनीला चिकटून बसलं. एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तेव्हा नसरुद्दीननी फर्मान काढलं की तारीख बदलणार नाही, निकाह व्हिडिओवर होईल. स्टेजवर नवऱ्याच्या खुर्चीत पंचावन्न इंची टीव्ही ठेवला गेला. कुणी हौशी माणसाने टीव्हीला फुलांचा सेहराही बांधला. पडद्यावर उमैर विमानतळाच्या बाकावर टोपी घालून बसलेला, मागे उशिराच्या विमानांच्या घोषणा चाललेल्या. तिसऱ्या "कबूल है"ला नेटवर्क गेलं, म्हणून ते पुन्हा म्हणवून घेतलं. लोकांनी हसून हसून मुबारकबाद दिली.

पुढे बकरी ईदला उमैर दहा दिवसांची रजा काढून आला. येणारच, नवीन नवरा. पण नसरुद्दीनचा हिशेब सरळ होता. निकाह झाला असला तरी रुखसती, म्हणजे पाठवणी, झालेली नाही. मुलगी बापाच्या घरातून निघते ती नवऱ्याच्या घरी जाते. नवऱ्याचं घर न्यू जर्सीत. तिथे जायला व्हिसा लागतो. तेव्हा रुखसती व्हिसा आल्यावर. तोवर पोरगी आपल्याकडे अमानत. जावयाची सोय त्यांनी मेहुण्याकडे, अल अझीझियात केली. तो रोज संध्याकाळी मिठाई घेऊन यायचा, हॉलमध्ये माहिरासमोर बसायचा, मधल्या सोफ्यावर नसरुद्दीन बातम्या लावून बसायचे. नऊ वाजले की जावईबापू उठायचे. असे दहा दिवस. सगळ्यांनी नसरुद्दीनची तारीफ केली, परदेशात राहूनही माणसाने रीत सोडली नाही म्हणून. त्यांनाही ते फार गोड लागलं.

तर आता हे प्रूफ.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात त्यांनी एम्बसीच्या वेबसाइटवर केस नंबर टाकला. पडद्यावर आलं: रिफ्यूज्ड. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा नंबर टाकला. रिफ्यूज्ड. त्यांनी माहिराला फोन लावला.

"अब्बा, ते तसाच दाखवतात. कागद पोचेपर्यंत तसाच राहतो. 'नाय' असा नाय म्हटलेला."

"मग रिफ्यूज कशाला लिवतात?"

"मला काय माहीत!"

हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मंजूर पाहिलं होतं, नामंजूर पाहिलं होतं, 'बुक्रा या', म्हणजे उद्या या, हेही पाहिलं होतं. पण नामंजूर, तरी नामंजूर नाही, पुरावा हवा, पण कसला ते सांगायचं नाही, असली खिडकी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी माहिराकडे तो पांढरा कागद दोनदा मागितला. एकदा तो क्लिनिकमध्ये राहिला होता. ती मुशैरिबला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दुसऱ्यांदा तो सापडत नव्हता. घरात ते शिरले की मायलेकींचं बोलणं तुटायचं. उमैरचा फोन आला की माहिरा बाल्कनीत जायची आणि डोळे पुसत परत यायची. काय चाललंय म्हणून विचारावं, तर ताहेरुन्निसा म्हणायची, "तुमी ह्याच्यात पडू नका." कागदाच्या कामात पडू नका, असं नसरुद्दीनना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणाली ती सख्खी बायको.

शेवटी त्यांनी ऑफिसातल्या धनाजीला विचारलं. धनाजी साताऱ्याचा, अकाउंट्सला होता, आणि त्याची मेहुणी अशीच लग्न करून अमेरिकेला गेली होती.

"साहेब, जावई इथं आलेले तेव्हाचं काही जोडा की," धनाजी म्हणाला. "दोघांच्या नावाचं हॉटेलचं बिल, कुठं फिरायला गेले असतील तर तिकिटं."

"हॉटेल कशाला? माझ्या मेहुण्याकडे ठेवला होता त्याला. मस्त खोली दिली, एसीवाली."

"बरं. आणि माहिरा?"

"माहिरा घरी. माझ्याकडे."

धनाजीने कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. "दहाही दिवस?" त्याने शेवटी विचारलं.

"मग! आमच्यात शिस्त असते," नसरुद्दीन म्हणाले. धनाजी "असं असं" म्हणाला आणि त्याला एकदम कसलंतरी व्हाउचर आठवलं. नसरुद्दीन गोंधळून त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

तेव्हा त्यांनी स्वतःच्या अकलेने उपाय काढला. साक्षीदार. निकाहला हजर असलेल्या चाळीस माणसांकडून त्यांनी इंग्रजीत लिहून घेतलं की आम्ही डोळ्यांनी हे लग्न पाहिलं, आम्ही बिर्याणी खाल्ली. सोबत फोटो. एकूण एक फोटोत माहिरा, आणि शेजारी सेहरा बांधलेला टीव्ही. तीन आठवडे राबून त्यांनी दोन बोटं जाडीचा गठ्ठा तयार केला, आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून आल्यावर तो जेवणाच्या टेबलावर माहिरापुढे ठेवला.

"हे घे. चाळीस जणांनी लिवून दिलाय. आता बघू कोण म्हणतो लग्न झाला नाय."

माहिराने वरचा फोटो बघितला. टीव्हीचा. तिला आधी हसू आलं, मग ते हसूच तोंडात मोडलं आणि ती हमसून रडायला लागली. "अब्बा, नको. अब्बा, हे नको देऊया," एवढंच म्हणत ती खोलीत गेली आणि दार लावलं.

नसरुद्दीनचा पारा चढला. "काय नको? तीन हप्ते मी दारोदार फिरतोय! आतमध्ये काय उलटसुलट बोलून आलीस ते तरी सांगशील की नाय?"

ताहेरुन्निसा स्वयंपाकघरात सुरमईच्या तुकड्यांना मसाला लावत होती. ती हात धुऊन बाहेर आली, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. बसली म्हणजे ती मोठं काही बोलणार, हे त्यांना चौतीस वर्षांच्या संसाराने कळलं होतं.

"ती उलटसुलट बोलली नाय. खरा बोलली. आता मी सांगते ते ऐका, आणि मधी बोलू नका, नायतर मला सांगता येणार नाय."

त्यांनी गठ्ठा थोडा बाजूला सरकवला.

"लग्न पडद्यावर झाला. पोरगा एका मुलकात, पोरगी एका मुलकात. असा लग्न त्यांच्या कायद्यात लग्न धरत नाय. मागाहून नवरा-बायको एकत्र नांदली, तरच धरतात. साहेबाने पोरीला तेच विचारलान. तुझा नवरा आला होता, तेव्हा तुमी दोघं एकत्र राह्यलात का?"

"आला होता ना! चांगला दहा दिवस—"

"आला होता. कुठं ठेवला होतात?"

टेबलावरच्या फोटोतला टीव्ही सेहरा घालून नसरुद्दीनकडे बघत होता. धनाजीचा कप, माहिराचे कान, बाल्कनीतले फोन, सगळं एकाच वेळी त्यांच्या अंगावर आलं. शरमेने त्यांना घाम फुटला. लेकीचा असला प्रश्न, आणि आपण तो चाळीस माणसांकडून सोडवून घेत होतो!

"तिला हो म्हणता आला असता," ताहेरुन्निसा म्हणाली. "कोण बघायला येणार होता? पण लहानपणापासून तुमीच शिकवलात, खिडकीवर खोटा बोलायचा नाय. पोरगी काचेपुढे उभी राहून म्हणाली, नाय, माझ्या अब्बांकडे ती रीत नाय."

"मग आता?" नसरुद्दीननी विचारलं.

"आता काय! उमैर त्याच दिवशी निघत होता. हॉटेल बघितलान, रजा मागितलान. हिनेच थांबवलान. म्हणाली, अब्बांनी पाठवल्याशिवाय मी ह्या घरातून पाय काढणार नाय. आणि अब्बांना सांगणार कोण? ती सांगणार? मी तरी कसा सांगू? तीन हप्ते आमी दोघी ह्याच्यावरच बोलतोय."

म्हणजे आपण अमेरिकेची वाट बघत होतो आणि ही पोरगी आपल्या होकाराची. नसरुद्दीनना स्वतःचा इतका राग आला की तो गठ्ठा उचलून बाल्कनीतून टाकावा असं वाटलं. तसं काही त्यांनी केलं नाही. रुखसतीचं सगळं चित्र त्यांच्या मनात दोन वर्षं तयार होतं. विमानतळ, चार बॅगा, माहिराच्या हातात व्हिसाचा पासपोर्ट, आपण तिच्या डोक्यावर कुराण धरलेलं. त्या दिवशी रडायचं, असंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. व्हिसा आला की पोरगी जाणार, म्हणजे पोरगी नेणारा तो व्हिसा, असं ते धरून चालले होते. आता कळत होतं की आधी त्यांनी पोरगी सोडायची, मग व्हिसाचं बघू. येईल की नाही, कुणीच सांगत नव्हतं.

त्यांनी फोन उचलला. न्यू जर्सीत जेमतेम उजाडलं असेल.

"अस्सलाम आलेकुम, अब्बा," उमैर झोपेतच घाबरला. "सगळं ओके ना? माहिरा ओके?"

"वालेकुम अस्सलाम. ती बरी हाय. तू तिकीट काढ."

"कधीचं?"

"मिळेल तेव्हाचा. लवकरचा."

पलीकडे अंथरूण सरकल्याचा आवाज झाला. "हो, अब्बा. काढतो. मग... अझीझियाला मामूंकडेच उतरू ना?"

नसरुद्दीननी ताहेरुन्निसाकडे बघितलं. तिने नजर खाली घातली. माहिराच्या खोलीचं दार चार बोटं उघडलं होतं.

"मामूकडे कशाला?" ते म्हणाले. "तुझी बायको हाय ती. तू म्हणशील तिथं घेऊन जा."

"जी, अब्बा," उमैर म्हणाला. नसरुद्दीननी फोन ठेवला.

माहिरा बाहेर आली. बापाशेजारच्या खुर्चीत बसली आणि त्यांच्या दंडाला डोकं टेकलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अब्बा, मग येईल ना व्हिसा?"

सगळ्या दुनियेला तारखा सांगणाऱ्या माणसाने मान हलवली. "मला ठाव नाय, बेटा. काय बी समजत नाय." आणि विमानतळावर रडायचं ठरवलेलं ते तिथेच, सुरमईचा वास सुटलेल्या घरात, जेवणाच्या टेबलावर रडले. व्हिसा नव्हता, बॅगा नव्हत्या, लेक दंडाला टेकून बसलेली होती, पण ती आता त्यांच्या घरची पाहुणी झाली होती.