माझ्या धारेने वाढलेली वेल

मित्रांनो, या, पुढे सरका. माझ्या पात्यापासून हातभर दूर, पण ऐकू येईल इतके जवळ बसा. एका वेलीची आणि तिला कापता कापता वाढवणाऱ्या एका मूर्खाची कथा सांगतो. तो मूर्ख मीच.

मी एक जुना विळा आहे. लोहाराने मला लालबुंद तापवून ठोकले आणि पाण्यात बुडवले, तेव्हा मी असा चरचरलो की दारातली मांजर पळाली. पुढे कितीतरी वर्षे मी गवत कापले. मग माझे मालक ड्रायव्हरदादा नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी मला वेलीच्या कामाला जुंपले.

ही वेल कुणीतरी कुंपणाच्या शोभेसाठी दूरदेशाहून आणली होती. शोभा राहिली बाजूला! तिने ओढ्याकाठची झुडपे गिळली आणि चौकातल्या मोठ्या झाडावर चढली. त्या झाडाखाली सायकलवाल्या काकांचे दुकान होते. दुकान कसले, एक पेटी, एक पंप, पाण्याचे घमेले आणि झाडाची सावली. एक दिवस पालिकेचे साहेब आले. मान वर करून म्हणाले, "झाड मरत चाललंय. दोन महिन्यांनी बघतो. मेलेलं निघालं तर पाडावं लागेल."

"साहेब, सावली गेली तर मी बसू कुठं? उन्हात ट्यूबच्या आधी मीच फुटेन," काका म्हणाले.

सगळे हसले. काका हसले नाहीत.

तेव्हापासून दर सुटीच्या सकाळी वेल कापायला वीसेक माणसे जमू लागली. दादा मला सपासप चालवत. "काय धार आहे हो!" असे कुणी म्हटले की मी फुगून जाई. कापलेले तुकडे आम्ही तिथेच टाकून पुढे जात होतो. आठवडा गेला की वेल दुप्पट! मला राहून राहून वाटे, हिचा जीव असतो तरी कुठे? शेंड्यात, की पानात? देवाने एवढ्याशा देठात कोणती हिकमत भरून ठेवली आहे?

हाच प्रश्न शिवणकाम करणाऱ्या मावशींनाही पडला होता. एका सकाळी त्या कापायचे सोडून खाली बसल्या. दहा तुकड्यांना त्यांनी लाल दोरा बांधला. पाच ओल्या मातीवर ठेवले, पाच उन्हात ताडपत्रीवर.

"मावशी, वेलीला टाके घालताय की काय?" दादांनी चिडवले.

"तुम्ही कापा हो. कुठं उसवतंय ते मी बघते."

बारा दिवसांनी त्यांनी सगळ्यांना बोलावले. ताडपत्रीवरचे तुकडे वाळून मोडत होते. मातीवरच्या पाचही तुकड्यांना मात्र पेरापेरातून पांढरी मुळे फुटली होती.

"दादा, आपण कापत नव्हतो, लावत होतो."

दादा मटकन खालीच बसले. "म्हणजे महिनाभर मी काकांच्या झाडाचं..."

"एकट्यानं नाही. तुकडे मीही टाकलेत. उठा आता."

त्या दिवसापासून रीत बदलली. खोडाला वेढलेली वेल मी कमरेच्या उंचीवर तोडायची. वरची ओढायची नाही, फांदी मोडते; ती जागीच वाळू द्यायची. खाली खुरप्याने मुळे काढायची आणि तुकडा न् तुकडा ताडपत्रीवर. माझे काम पाव तासाचे उरले. बाकी सगळे खुरप्याचे. सुरुवातीला मला फार झोंबले, खोटे कशाला बोलू?

साहेब पुन्हा आले तेव्हा झाडावर एकही नवे पान नव्हते. त्यांनी वही उघडली.

"लिहायच्या आधी साल खरवडून बघा ना," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी नख लावले. एक फांदी कोरडी. दुसरीही कोरडी. तिसरीच्या सालीखाली हिरवे निघाले! साहेबांनी मग सगळ्या फांद्या तपासल्या. मेलेल्या तेवढ्या उतरवल्या, झाड राखले. सावली निम्मी उरली. काकांनी पेटी दोन हात सरकवली आणि पंक्चर काढायला बसले.

मित्रांनो, धार म्हणजे अक्कल नव्हे. हात उगारण्याआधी समोरचे कसे जगते ते नीट पाहा. मावशींना आता वयामुळे दिसत नाही, म्हणून त्या कामाला येत नाहीत. पण कधी गार सावलीत बसलात, तर सगळे कापत सुटले असताना जी बाई खाली बसून पाहत राहिली, तिची आठवण काढा.