सुईणीची साक्ष

न्यायाधीशबाईंच्या तोंडून प्रश्न निसटला आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, घात झाला.

"किती वर्षं सुईणीचं काम करताय?"

एवढंच. तेही मायेनं विचारलेलं. साक्षीदार क्रमांक सतरा सांगता सांगता अडखळली होती आणि बाईंना राहवलं नाही. बाईंची ही खोड जुनीच. न्यायाधीश म्हणून पहिली नेमणूक झाली ती एका आडगावच्या कोर्टात. तिथं चोऱ्यामाऱ्या, काडीमोड, भाऊबंदकी असले खटले. भेदरलेल्या माणसाला आधी त्याच्या कामधंद्याचं विचारलं की जीभ सैल होते, हे त्या तिथं शिकल्या. पुढं वरच्या कोर्टात गेल्या, आणि तिथून अनेक देशांनी मिळून उभारलेल्या या युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयात अध्यक्ष होऊन आल्या. झगा बदलला, खुर्ची बदलली, खोड काही सुटली नाही. "अगं, तुला ऐकायचा पगार मिळतो, बोलायचा नाही," असं नवरा त्यांना कितीदा तरी चिडवायचा.

इथं साक्षीदाराला नाव नसतं, नंबर असतो. सतरा आडोशामागं बसली होती, काचेपलीकडच्या प्रेक्षकांना तिचा आवाजसुद्धा यंत्रातून बदलून ऐकू जात होता. ती सुईण आहे, हे फक्त सीलबंद कागदांत होतं. आरोपी कमांडरला आणि त्याच्या वकिलाला ते ठाऊक होतं, पण त्यांची तोंडं हुकमानं बांधलेली. कमांडरचा तर तुरुंगातला एकेक फोन ऐकला जाई. बाहेरच्या कुणालाही पत्ता नव्हता. आता लागला. कारण त्या गावात सुईण एकच होती, तिची लेक तान्ह्या बाळाला घेऊन अजून तिथंच राहत होती, आणि कमांडरची माणसंही तिथंच उजळ माथ्यानं फिरत होती.

काचेपलीकडे पहिल्या रांगेत कमांडरचा पुतण्या बसला होता. इतका वेळ पेंगत होता. त्यानं मान वर केली.

नियम सरळ होता: चूक झाली की बटण दाबा, काचेवर पडदा टाका, आवाज तोडा. टीव्हीवरचं प्रक्षेपण मुद्दाम उशिरा जात असे, त्यातून ते वाक्य कापता येणार होतं. पण पुतण्याच्या कानातून कसं कापणार? बाईंचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थबकलं. पडदा पडला की प्रेक्षक बाहेर व्हरांड्यात जाणार. व्हरांड्याच्या टोकाला कपाटं, कपाटांत सगळ्यांचे फोन. तो आत बसलाय तोवर त्याचा फोन कुलपात आहे.

त्यांनी चिठ्ठी खरडली: 'प्रक्षेपणातून माझा प्रश्न कापा. लेक आणि बाळ. आत्ताच्या आत्ता गावातून हलवा.' सहायक मुलीनं ती वाचली, तिच्या तोंडचं पाणी पळालं, पण शहाणी पोर धावली नाही. फाइल आणायला निघाल्यासारखी चालत बाहेर गेली. शेजारच्या न्यायाधीशांनी कागद पुढं सरकवला: 'पडदा?' बाईंनी खाली लिहिलं: 'थांबा. माझ्यावर विश्वास ठेवा.' खरं तर त्यांचा स्वतःवरच राहिला नव्हता.

आणि पुतण्यानं कोट उचलला.

बाई बचावाच्या वकिलाकडे वळल्या. कोर्टात सगळे त्याला पाठीमागं मालगाडी म्हणत. एकदा सुटला की डबे संपायचे नाहीत. बाई त्याला रोज दोन वाक्यांत तोडत. आज म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमच्या अशिलानं गावासाठी काय काय केलं ते सांगायचं होतं ना तुम्हाला? परवा मी थांबवलं. आता सांगा. सावकाश."

मालगाडीला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "सगळं सांगू, मॅडम?"

"सगळं."

तो सुटला. कमांडरनं बांधलेला पूल, शाळेला दिलेली बाकं, म्हाताऱ्यांना वाटलेली ब्लँकेटं. काकांचं एवढं कौतुक, तेही भर कोर्टात! पुतण्यानं कोट मांडीवर ठेवला आणि ऐकू लागला.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. दाराची मूठ जरा हलली की त्यांची नजर तिकडं जाई. गाडी निघाली असेल का? लेक दार उघडेल का? परक्या माणसांवर विश्वास तरी का ठेवेल ती? आणि आडोशामागं सतरा मुकाट बसली होती. तिच्या नवऱ्याला त्याच पुलावर उभं करून मारलं होतं, आणि आता त्या पुलाचे गोडवे तिला ऐकावे लागत होते, तेही बाईंच्या हुकमानं. बाईंना स्वतःची शरम वाटली. तरी त्या म्हणाल्या, "पुलाचं जरा आणखी सविस्तर सांगा."

ब्लँकेटं दुसऱ्यांदा वाटून झाली तेव्हा कुठं सहायक आली. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'दोघं गाडीत. गावाबाहेर.'

बाईंनी बटण दाबलं. पडदा पडला.

"तुमचं काम मी उघड केलं," त्या सतराला म्हणाल्या. "चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. लेक आणि बाळ सुखरूप आहेत. पण..."

"घरी परत जाता यायचं नाही."

"नाही."

"नवं छप्पर घातलं होतं हो," सतरा म्हणाली. "लेक किती खूश होती."

बाई म्हणाल्या, "मी या खटल्यातून बाजूला होते. दुसरे न्यायाधीश येतील."

"आणि मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगू?" सतराचा आवाज चढला. "नवऱ्याचं मरण मी किती जणांना सांगायचं? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून? बसा तिथंच! आणि हा आडोसा काढा. तो पडदाही वर घ्या. घर गेलंच आहे, निदान तोंड तरी माझं राहू द्या."

मालगाडी हरकत घ्यायला उठला. बाईंनी नुसतं पाहिलं, तसा खाली बसला. न्यायाधीशांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. शिपायांनी आडोसा बाजूला केला, व्हरांड्यात गेलेल्या प्रेक्षकांना परत आत बोलावलं, पुतण्याही कोट मांडीवर घेऊन जागेवर बसला, आणि काचेवरचा पडदा वर गेला.

ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. तिनं आपलं नाव सांगितलं. माहेरचं, सासरचं, दोन्ही. कमांडरकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. काचेपलीकडे बघितलं आणि तिची नजर पुतण्यावर ठरली.

"मी कोण ते या पोराच्या आईला विचारा," ती म्हणाली. "पायाळू होता. आई जायची वेळ आली होती. मी हात घालून काढलाय याला."

पुतण्याच्या मांडीवरून कोट घसरून खाली पडला. त्यानं तो उचलला नाही.

"पुढं सांगा," बाई म्हणाल्या, आणि ती पुलाबद्दल सांगू लागली.