इलिंकाच्या नावाचा पाव

मित्रांनो, मी एक म्हातारी बोट आहे. माझे नाव चेर्ना. डॅन्यूब नदीच्या काठी, ओर्शोवाच्या धक्क्याला मी बांधलेली असते. दुरून मी पांढरीशुभ्र दिसते. जवळ याल तर रंगाखाली गंज आहे आणि गंजाखाली ठिगळे आहेत.

माझा जन्म नदीच्या खालच्या अंगाला, सेवेरीनच्या जहाज कारखान्यात झाला. तेव्हा माझ्या पोटात कोळशाचे इंजिन होते, पुढे डिझेलचे आले. मी मेंढ्या नेल्या, आलुबुखारांची पिंपे नेली, नव्या नवऱ्या नेल्या, अडलेल्या गरोदर बाया नेल्या. एकीने तर माझ्या डेकवरच मुलीला जन्म दिला आणि त्या मुलीचे नाव चेर्ना ठेवले. तो सारा उन्हाळा मी मिरवण्यात घालवला. तेव्हा मीही तरुणच होते.

मग सरकारने नदीवर धरण बांधायचे ठरवले. जुने ओर्शोवा पाण्याखाली जाणार होते. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. दारे, खिडक्या, कौले, चुलीच्या विटा, सगळे मीच नव्या गावाला वाहून नेले. थडगी उकरून काढलेली हाडेही नेली. अशा एका फेरीला साफ्ता नावाची तरुण मुलगी रिकाम्या हातांनी माझ्यावर चढली. तिची धाकटी बहीण इलिंका लहानपणीच तापाने गेली होती. थडग्यावरचा लाकडी क्रूस कुजून गेला होता आणि नेमकी जागा कुणालाच सापडेना. पाणी चढू लागले, तसे शोधणे थांबवावे लागले. इलिंका खालीच राहिली.

नंतर रस्ते झाले, मोटारी आल्या आणि मला कुणी विचारीनासे झाले. बरीच वर्षे मी एका खाडीत कुजत पडले होते. बदके माझ्यावर अंडी घालीत. मग अचानक पर्यटकांचे पेव फुटले. मला रंग फासला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठोकल्या आणि गळ्यात एक भोंगा अडकवला. तो दिवसभर काठच्या कड्यात कोरलेल्या राजाच्या नाकाची लांबी सांगतो. पाण्याखाली कोणते गाव आहे, ते मात्र घाईघाईने उरकतो. मला त्याचा मनापासून राग येतो.

गेल्या उन्हाळ्यात साफ्ता पुन्हा माझ्यावर चढली, पण आता ती आजी झाली होती. तिचा मुलगा डोरू इटलीत तुरीनला काम करतो. त्याने इथले घर विकले होते आणि आईला कायमचे तिकडे न्यायला आला होता. जाण्याआधी एक दिवस मजेत घालवावा, मुलीला राजाचा चेहरा, मठ आणि गुहा दाखवाव्यात, असा त्याचा बेत. बायको कोरिना आणि मुलगी जुलिया बरोबर होत्या. त्यांची सहल होती. साफ्ताच्या टोपलीत मात्र दुसरेच काही होते.

आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला खायला-प्यायला देतात. घेणाऱ्याने बोग्दाप्रोस्ते म्हणायचे, म्हणजे देव त्याच्या जिवाला क्षमा करो. तो शब्द उच्चारला की मगच घास पलीकडे पोचतो. मूल गेलेले असेल तर मुलालाच द्यायचे, आणि तेही परक्याच्या. साफ्ता दर वर्षी काठावरून शेजाऱ्यांच्या पोरांना देत असे. हे शेवटचे देणे तिला प्रत्यक्ष इलिंकाच्या डोक्यावर उभे राहून द्यायचे होते. तुरीनच्या चौथ्या मजल्यावरून ती कुणाला काय देणार?

कप्तान नेलूला तिने सकाळीच सांगून ठेवले होते. परतीच्या वाटेवर, जुन्या गावावर येताच त्याने इंजिन मंद केले आणि टोपी काढली. साफ्ताने टोपलीतून वेणीसारखा वळलेला गोल पाव काढला, त्यात मेणबत्ती खोचून पेटवली आणि बोटीवर मूल शोधू लागली. एका परदेशी कुटुंबातली समोरचे दात पडलेली मुलगी, एवढे एकच परके मूल होते. तिला शब्द कसा येणार, असे जुलियाने विचारले.

"मी शिकवीन की. पोपटासारखा म्हणाली तरी चालतो."

मुलीने दोन्ही हातांनी पाव घेतला. मेणबत्ती बघून तिचा चेहरा फुलला. साफ्ता वाकून तिला शब्द सांगू लागली, आणि पोरीचे ओठ हललेही. तेवढ्यात तिच्या आईने पर्समधून नोट काढून साफ्ताच्या हातात कोंबली.

साफ्ताने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. विकत घेतलेला घास मेलेल्याला पोचत नाही, हे इथले शेंबडे पोरही जाणते. पण त्या बाईला वाटले, म्हातारीला किंमत कमी वाटली. तिने आणखी एक नोट वर ठेवली. साफ्ता मान हलवत राहिली, बाई नोटा पुढे करत राहिली. लोक वळून बघू लागले, दोघा-तिघांनी मोबाइल उंचावले. डोरू लाजेने लालबुंद झाला.

"आई, लोक बघतायत. घे ना, विषय संपव," तो म्हणाला. आणि त्याने स्वतःच नोटा घेऊन तिच्या एप्रनच्या खिशात सरकवल्या, बाईचे हसून आभार मानले. बाईने फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि पाव खाणाऱ्या लेकीचा फोटो काढला.

साफ्ता मुलाकडे वळली.

"डोरू, तिचा घास विकलास तू."

"अगं, त्यांना काय कळतंय? समजावत बसलो असतो तर सगळ्या बोटीने तमाशा बघितला असता."

"बघू दे की. मी काय चोरी करत होते?"

आपल्या हातून काय घडले, हे डोरूला तेव्हा कळले असावे, कारण तो एकदम खुर्चीत बसला. जुलियाने आजीचा हात धरला आणि मीच म्हणते तो शब्द, असे म्हणाली. "तू घरची गं, सोन्या. घरच्यांचं धरत नाहीत," साफ्ताने तिला समजावले. मागून दुसरी बोट भोंगा वाजवू लागली. नेलूने जमेल तितके थांबून पाहिले, पण शेवटी इंजिन वाढवावेच लागले.

तेव्हा साफ्ता माझ्या पुढच्या टोकाशी, नाळेवर आली. टोपलीत पाण्याचा मातीचा पेला उरला होता. तिने माझ्या दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर हात ठेवला.

"तूच मला इथून नेलंस तेव्हा. आता तूच घे. इलिंकासाठी."

तिने पाणी माझ्यावर ओतले आणि तो शब्द ऐकायला कान देऊन उभी राहिली. मित्रांनो, मी घेतले. थेंब न् थेंब घेतला. पण माझ्या पोटातून इंजिनाची धडधड तेवढी निघाली. मी धक्क्याला लागले तरी ती तशीच उभी होती. डोरूने तिला हाताला धरून उतरवले.

हिवाळ्यात ती तुरीनला वारली. नेलू ते मेकॅनिकला सांगत होता, म्हणून मला कळले.

मला रंग द्या, मला भंगारात काढू नका, असे मी तुम्हाला म्हणणार नाही. लोखंड आहे, झिजायचेच. माझे मागणे एवढेच आहे. कुणी म्हाताऱ्या हातांनी तुमच्यापुढे काही धरले, तर पैशाच्या पाकिटाला हात लावू नका. ते घ्या, आणि ती व्यक्ती जे म्हणायला सांगेल ते म्हणा. तुम्हाला वाचा आहे. मला असती, तर त्या दिवशी एवढे पाणी तरी इलिंकाला मिळाले असते.