अप्पांचा फोन लागत नव्हता

कडी आतून लावलेली होती. दार ठोकून ठोकून वनजाचा हात दुखायला लागला, तेव्हा कुठे अप्पांचा आवाज आला, "येतो की. दार मोडतीस काय?"

सकाळपासून त्यांचा फोन एंगेज लागत होता. शेवटी साहेबाचं तिरकं बोलणं ऐकून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती मेटगळ्ळीच्या कारखान्यातून बसनं लष्कर मोहल्ल्यात आईअप्पांच्या घरी आली होती. आणि अप्पा दारात उभे. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. आत रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. वनजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या दोघांसाठी तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, तर तिच्यावर आईची लुगडी वाळू लागली. काठी आणली, तिनं अप्पा शेजारच्या शेवग्याच्या शेंगा पाडत. कामाला बाई ठेवली, तिला आठवड्यात घालवून दिली. माझ्याकडे राहायला चला म्हटलं की दोघं एका सुरात "बेडा" म्हणत. नको म्हणायला त्यांना कन्नडच लागे. आणि पुण्याचा भाऊ फोनवर विचारी, बरे आहेत ना दोघं?

"आई कुठंय?"

"झोपलीय. सुम्ने, उगाच उठवू नको तिला."

रुक्मिणीबाई जाग्याच होत्या. ओठ सुकलेले, उजवा पाय विचित्र बाहेर वळलेला. आदल्या दिवशी न्हाणीत पाय घसरला होता. अप्पांनी त्यांना चटईवर घालून ओढत पलंगापर्यंत आणलं, वर कसं घेतलं ते त्यांनाच ठाऊक. कोमट तेल लावलं, चमच्यानं कॉफी पाजली. फोन वाजला की ती दचकते, म्हणून रिसीव्हर काढला म्हणे.

"काल पडली, आणि मला आज कळतंय? तेही मी आले म्हणून?"

अप्पांनी बायकोचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर नेली असतीस. माझ्या गिरिजाअक्काला नेलं तिच्या लेकानं, बरी करून आणतो म्हणून. आली काय ती परत?"

वनजा रस्त्यावर गेली आणि ऑटो दारापर्यंत घेऊन आली.

ऑटोवाला मदतीला आत आला, तसा अप्पांनी त्याला हातानं थांबवलं. जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लोखंड उचललेला माणूस. ते वाकले, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला. रुक्मिणीबाई वीतभर वर आल्या आणि खाली टेकल्या. कळवळल्या, पण ओरडल्या नाहीत. अप्पांनी पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या.

"पुरे हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

अप्पा सरळ झाले. शर्ट नीट केला. मग ऑटोवाल्याला वाट देत कन्नडमध्ये म्हणाले, "निधान. हळू घे. पाठ सांभाळ तिची."

आणि दोन्ही हात मागे बांधून ते उंबऱ्याशी उभे राहिले.