वन्संची तालीम

२०११ साली बल्गेरियाच्या वायव्य डोंगरातल्या चेरेशोवो गावात गालिचे विणणाऱ्या दोनच बाया उरल्या होत्या, आणि त्या दोघी एकाच मागावर बसत. डावीकडे स्तोयांका, उजवीकडे तिच्या मेलेल्या भावाची बायको रुमेना. दोघींनी आपापल्या कडेनं विणत यायचं आणि मध्यावर भेटायचं, अशी तिथली रीत. दोघींचे हात सारखे घट्ट नसले तर गालिचा एका अंगाला ओढला जातो. यांचा कधी ओढला गेला नव्हता.

त्या वसंतात जिल्ह्याच्या गावातल्या तंत्रशाळेतून दाम्यानोवाबाईंचा फोन आला. मुलांना परीक्षेसाठी खऱ्याखुऱ्या माणसाची वेबसाइट करायची होती. तुम्ही आमच्या ग्राहक व्हाल का, असं त्या विचारत होत्या. थोडी तयारी मात्र करून ठेवायची: आपण कोण, काय विणतो, ते कुणी घ्यावंसं वाटतं, साइट बघून माणसाच्या मनात काय यावं. आणि एक अट. ग्राहक एकच हवा. आदल्या वर्षी बेकरीवाले दोन भाऊ घेतले होते, ते पोरांसमोरच भांडले आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं.

"वन्सं, तुम्हीच व्हा," रुमेना म्हणाली. "घर तुमचं, जीभही तुमचीच."

तिच्या मनात वेगळंच होतं. तिचा मुलगा प्लामेन सायप्रसला लार्नाकात राहायचा. दर फोनला तो म्हणे, आत्याच्या दारात किती दिवस काढणार? माग तिचा, घर तिचं, तू कोण तिथं? रुमेना विषय बदलायची. स्तोयांकाच्या शेजारी आपलं नाव पडद्यावर दिसलं, की लार्नाकात बसून तो ते वाचील, मग काही सांगावंच लागणार नाही, असं तिला वाटत होतं.

मग तालीम सुरू झाली. रुमेना चष्मा नाकावर ओढून विद्यार्थी व्हायची आणि प्रश्न विचारायची. स्तोयांका पहिल्या दिवशी पूर्वी विणकरांच्या सहकारी संस्थेत पाहुण्यांपुढं बोलत असे तशी उभी राहून सांगू लागली: आमच्या ब्रिगेडनं, आमच्या तुकडीनं अमुक केलं, आमच्या ब्रिगेडनं तमुक केलं. रुमेनानं विणीवर ठोकायची लोखंडी फणी जमिनीवर आपटली.

"ब्रिगेड गेली, वन्सं. आता लोकांना एक चेहरा लागतो. सगळं स्वतःच्या नावावर सांगा. माझं नाव शेवटी. मला हाक मारा आणि म्हणा, ही माझ्या जोडीची."

"आणि मधेच तुझं नाव तोंडात आलं तर?"

"तर ही फणी डोक्यात."

दोघी पोट धरून हसल्या. संस्थेच्या त्या लांबलचक दालनात मागांच्या रांगा असत, साऱ्या बाया एका तालात ठोकत आणि मुकादमाची नक्कल करत. तेव्हाचं ते हसू. दालनाची पुढं कोठी झाली, मग तीही पडली. त्यानंतर या दोघी अशा हसल्याच नव्हत्या.

पोरं आली त्या दिवशी रुमेनानं पहाटे उठून चीज भरलेली बानित्सा भाजली, वन्संचा भरतकामाचा झगा इस्त्री केला आणि ठरल्याप्रमाणं स्वयंपाकघरात जाऊन बसली. स्तोयांका कुठंच अडली नाही. आत बसून रुमेनाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. लोकर कुठून येते, अक्रोडाच्या सालीचा रंग कसा काढतात, नक्षीतलं कासव कोणतं, सगळं ओळीनं आलं. मग नेदा नावाची एक मुलगी म्हणाली, "आजी, एवढं सगळं तुम्ही एकटीनं करता?"

रुमेना उठून उभी राहिली. ओल्या हातांनी तिनं केस सारखे केले.

बाहेरून स्तोयांकाचा आवाज आला, "एकटीनंच. म्हणजे वहिनी आहे मदतीला. वहिनी, कॉफी आण गं."

रुमेना कॉफी घेऊन गेली. नेदानं उठून तिच्या हातातलं तबक घेतलं आणि मायेनं विचारलं, "आजी, तुम्हीपण थोडंफार विणता का?"

रुमेनानं वन्संकडं पाहिलं. वन्सं गालिच्याची कड हातानं सारखी करत होत्या.

"मी धागे गुंडाळते," रुमेना म्हणाली.

पोरं गेल्यावर ती म्हणाली, "शेवटी हाक मारायचं ठरलं होतं."

"मारली की."

"कॉफीसाठी."

"अगं, इतकं छान चाललं होतं. तुला मधे आणलं असतं तर पोरांचा घोळ झाला असता. एक चेहरा लागतो, हे तूच नाही का शिकवलंस?"

"बाईंना फोन करून सांगा."

"आता? हसतील आपल्याला."

स्तोयांकानं फोन केला नाही. रुमेनालाही नंबर ठाऊक होता, पण तिला ते वन्संच्याच तोंडून जायला हवं होतं. दिवसभर मागावर त्या शेजारी शेजारी बसत आणि मध्यावर हाताला हात लागला की रुमेना आपला हात काढून घेई.

जूनमध्ये शाळेनं वेबसाइट दाखवली. पहिल्याच पानावर मागाचा मोठा फोटो, डावीकडं स्तोयांका, उजवीकडची जागा मोकळी. नेदाला ती मोकळी जागाच फार आवडली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकटीचा माग'. सभागृहात टाळ्या वाजल्या. स्तोयांकाला फुलं दिली, ती फुलं धरायला रुमेनाच्या हातात आली.

रात्री प्लामेनचा फोन आला. "बघितलं मी. हेच सांगत होतो ना, आई?"

दुसऱ्या दिवशी रुमेना मागावर बसली नाही. अर्धा गालिचा तसाच होता. "वन्सं, एकटीनं विणता असं छापलंय," ती म्हणाली. "विणा."

त्या वेबसाइटवरून मागण्या खरंच आल्या. स्तोयांका स्टूल डावीकडून उजवीकडं ओढत विणू लागली, गालिचे एका अंगाला ओढले जाऊ लागले, तशी ती अरुंद पट्ट्यांवर आली. दोनदा रुमेनाच्या खोलीपर्यंत जाऊन दार न वाजवता परतली. पुढं तिच्या मुलीनं तिला स्पेनला नेलं आणि ती तिथंच वारली. नेदाला पहिला नंबर मिळाला. ती सोफियात मोठ्या नोकरीला लागली आणि ते पान आपलं पहिलं काम म्हणून पुष्कळ वर्षं दाखवत राहिली. दाम्यानोवाबाई निवृत्त झाल्या. रुमेनाला प्लामेन लार्नाकाला घेऊन गेला. तिथं ती नातवंडं सांभाळते. माग लावायला जागा नाही आणि तिनं कधी विषयही काढला नाही.

वन्सं गेल्याचं कळल्यावर गेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात ते चाळिसाव्या दिवसाचे गहू मात्र तिनं शिजवले आणि जिन्यावरच्या सगळ्या घरांत वाटले. कोण गेलं म्हणून शेजारणींनी विचारलं. तिनं नाव सांगितलं, नातं सांगितलं नाही.