शेणाळ्याभोवती एक फेरी

आसेतुहिमाचल पसरलेला हा देश स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, प्रांताप्रांतांच्या चुलीशी बसून त्याचं अंतःकरण ओळखणारा पुरुष शतकात एखादाच जन्मतो, आणि आमच्या भाग्यानं तो कल्याणात जन्मला होता. त्यांचं नाव श्रीपादपंत घैसास. त्यांना गाडी लागायची.

थोडीथोडकी नव्हे. बैलगाडी, आगगाडी, होडी, पंतांच्या पोटानं कशातच भेदभाव केला नाही. एकदा भाच्याच्या मुंजीला ठाण्याला निघाले ते मुंब्र्याला उतरून चालत परत आले. मुंजीचं सगळं सामान त्यांच्याच वळकटीत होतं.

ही गोष्ट घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. लोकांना ठाऊक होता तो 'स्वदेशसंचार'. ठाण्याच्या आमच्या साप्ताहिकात पंतांची ही प्रवासाची टिपणं येत, आणि वाचणारे इतके, की अंक हातात पडताच लोक पहिलं पान सोडून तिसरं उघडत. मी तिथे मुद्रितं तपासायचो. मजकूर आणायला कल्याणला मलाच जावं लागे, आणि पंत मला घरी कधीच सापडत नसत. सापडत ते स्टेशनात, बाकड्यावर.

मद्रासेकडून पुण्यावरून येणारी गाडी आणि नागपूर-जबलपुराकडून येणारी गाडी कल्याणला भेटतात. इकडून तिकडे जाणारा माणूस तिथे ताटकळत बसतो, आणि ताटकळलेला माणूस काहीही सांगतो. पंत त्याला पाणी देत, पान देत आणि विचारत, तुमच्याकडे पाहुण्याला आधी काय वाढतात, रुसलेल्या जावयाला कोण समजावतं, म्हातारी गेली की तिच्या बांगड्या कोणाला जातात. तंजावरचा आचारी, लाहोरचा शिपाई, वऱ्हाडातला सरकीचा व्यापारी, सगळे बोलत. मग पंत घरी येऊन लिहायला बसले की सांगणाऱ्याला उठवीत आणि त्याच्या जागी स्वतःला बसवीत. 'मी तंजावरी पानावर बसलो तेव्हा' असं सुरू झालं की वाचणाऱ्याला भाताची वाफ लागायची. स्टेशन तेव्हा गावाबाहेर होतं. वळकटी घेऊन तिकडे जाणारा माणूस प्रवासालाच निघालेला, अशी गावाची समजूत. लाहोरच्या वेळी पंत माडीवर लपून राहिले, आणि त्यांच्या पत्नी गोदूबाई शेजारणींना निर्विकार चेहऱ्यानं सांगत राहिल्या की अजून पत्र नाही.

घोटाळा झाला तो ठाण्याजवळच्या बाळकूम गावामुळे. स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा ह्युबर्ट तिथला. घराणं पोर्तुगीज अमलापासून ख्रिस्ती, घरी भातशेती आणि खाडीत जाळं. त्यानं एकदा आपल्या मुलीच्या लग्नाची हकिकत पंतांना सांगितली. उंबराखालच्या विहिरीवरून वाजतगाजत आणलेलं पाणी, रात्रभर चाललेली गाणी, आणि फुगे. मैदा, अंडं, नारळाचं दूध हे ताडी घालून फुगवायचं आणि मुठीतून एकेक गोळा कढईत सोडायचा. पंतांनी लिहिलं, 'बाहेरून तांबूस, आतून कापसासारखे. दोन खाल्ले. तिसऱ्याला नको म्हणवेना.'

तंजावरात आणि लाहोरात पंत ब्राह्मणांच्या पंक्तीला बसले होते. इथे लिहिण्याच्या भरात ते ख्रिस्त्याच्या घरी अंडं आणि ताडी खाऊन मोकळे झाले. मुद्रितं मी तपासली होती. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, दुसरं काही सुचलं नाही.

अंक कल्याणात पोचला आणि नागेशशास्त्र्यांनी ग्रामण्य उभं केलं. पंतांना जातीबाहेर टाकायचं की नाही, हे रामाच्या देवळात ठरायचं होतं. एरवी पंतांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांची मुलगी मंदाकिनी हिचं लग्न आठवड्यावर आलं होतं. दारात मांडवाचे खांब पुरले होते. मुलाचे वडील प्रभाकरपंत लेले, कचेरीतले मोठे कारकून, कमी बोलणारे. त्यांनी एवढंच कळवलं की वाळीत टाकलेल्या घरातली मुलगी करता येणार नाही, आणि प्रायश्चित्त घेतलेल्या घरातलीही नाही. एकदा मोडलेल्या लग्नाच्या मुलीला कल्याणात दुसरं स्थळ येत नसे, हे त्यांनी कळवलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गोदूबाईंनी नवऱ्याला सांगितलं की मी गेलोच नव्हतो एवढं म्हणा. पंतांना ते परवडणारं नव्हतं. बाळकुमाला गेलो नाही म्हटलं की लोक लाहोरचं विचारणार, आणि लाहोर गेलं की तंजावरही जाणार. हातात राहणार एक बाकडं.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. साप्ताहिकातर्फे मी अंक घेऊन गेलो होतो. शास्त्र्यांनी तो लेख मोठ्यानं वाचायला लावला. फुग्यांपाशी आलो तेव्हा सभामंडपात कोणी खोकत नव्हतं. वाचून झाल्यावर दोघांतिघांनी आवंढा गिळला, आणि मग सगळेच संतापले.

ह्युबर्टला अंगणात उभं केलं होतं. पंत तुझ्या घरी जेवले का, असं शास्त्र्यांनी विचारलं.

"नाय जेवले. बोलवलेलं मी, पन पंत आलेच नाय," ह्युबर्ट म्हणाला. "बाकड्यावर बसून ऐकलं सगलं."

शास्त्री म्हणाले, हा यजमान, हा पाहुण्याला वाचवणारच. आणि न खाता असं लिहिता येतं हे लहान मूलही मानणार नाही. यावर सभेनं माना डोलावल्या. पंतांच्या लेखणीची याहून मोठी स्तुती आजवर कोणी केली नव्हती, आणि मला शपथेवर सांगता येईल, पंतांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं.

"पंत, तुम्ही बोला. गेला होतात की नाही?"

पंत उभे राहिले. प्रभाकरपंत खांबाला टेकून बघत होते.

"लिहिलंय ते लिहिलंय," ते म्हणाले आणि बसले.

कुजबुज वाढली. शास्त्र्यांनी निर्णयासाठी घसा साफ केला. तेवढ्यात मागच्या खांबाआडून बाईचा आवाज आला.

"त्यांना गाडीत बसवा."

गोदूबाई होत्या. भर सभेत बाई बोलली म्हणून सगळ्या माना मागे वळल्या. शास्त्र्यांनी खांबाकडे बघून विचारलं की याचा अर्थ काय. खांबाआडून उत्तर आलं की ह्यांना गाडी लागते, बाळकूम लांबच राहिलं. शेणाळे तलावाला एक फेरी पुरी होईपर्यंत पोटातलं पोटात राहिलं, तर फुगे खाल्ले असं मीच म्हणेन.

धर्मशास्त्रात असं दिव्य नव्हतं. पण सभेला ते पटलं. ओकले तर निर्दोष, न ओकले तर वाळीत.

दौलत आगऱ्याची गाडी बाहेरच उभी होती. त्यानं आधी बजावलं की पेंढा आजच बदललाय, पंतांनी तोंड बाहेर काढावं. पंत चढले. बैल निघाले, आणि मागून सगळी सभा चालू लागली. शास्त्री सर्वांत पुढे, कारण बघायचं त्यांनाच होतं.

पहिल्या वळणालाच पंतांचा रंग उडाला. माझा जीव भांड्यात पडतो आहे तोच माझ्या ध्यानात आलं की ते दात आवळून बसले आहेत. नजर दूर मलंगगडावर लावलेली, दोन्ही मुठींत गाडीच्या दांड्या, नाकानं सावकाश श्वास. हा माणूस आवरून धरत होता. फेरी पुरी झाली असती तर लाहोर त्यांचं राहिलं असतं, तंजावर राहिलं असतं, टिपणांचं पुस्तक निघालं असतं. निम्मा तलाव मागे पडला. दौलतनं खड्डे चुकवले नाहीत, तरी पंत हलले नाहीत. मागे कोणीतरी म्हणालं, जाऊन आलेला दिसतोय. गोदूबाई गर्दीच्या कडेनं चालत होत्या. त्यांच्या डोळ्याला पदर होता, पण चाल थांबली नव्हती.

पंतांचं घर तलावाच्या दुसऱ्या काठाला. मांडवाच्या त्या खांबांपाशी मंदाकिनी उभी होती. ती कोणाकडे पाहत नव्हती. तिनं पाण्याचा तांब्या आणि कापलेलं लिंबू पायरीवर ठेवलं, जसं वडील गाडीतून आले की ती लहानपणापासून ठेवत आली होती, आणि आत गेली.

पंतांनी ते लिंबू पाहिलं. मलंगगडावरची नजर खाली आणली, गाडीच्या चाकाकडे, फिरणाऱ्या आऱ्यांकडे, आणि तिथेच ठेवली.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. दौलतचा पेंढा वाचला नाही.

शास्त्र्यांनी जवळ जाऊन खात्री केली आणि पंत निर्दोष असल्याचं जाहीर केलं. आमच्या वर्गणीदारांपैकी एकानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, म्हणजे लाहोरसुद्धा? मी तलावाकडे पाहिलं. गर्दी पांगत गेली, आणि जाताना पंतांना कोणी नमस्कार केला नाही.

पंत पायरीवर लिंबू हुंगत बसले होते. प्रभाकरपंत तेवढे राहिले. मांडवाच्या खांबावर हात ठेवून ते उभे होते. गोदूबाई दारात, मी रस्त्यात, दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. या माणसाला जातीची काळजी होती, ती मिटली. पण ज्याच्या नावामुळे ही सोयरीक त्यांनी पत्करली, तो सबंध हिंदुस्थान हिंडलेला लेखक आता शिल्लक नव्हता.

"म्हणजे तुम्ही रोज स्टेशनातच असता?" प्रभाकरपंतांनी विचारलं.

"रोज," पंत म्हणाले.

"नागपूरकडची गाडी येते तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

प्रभाकरपंतांनी खांब हलवून पाहिला. पक्का होता.

"मग व्याही, एक करा. नाशकाहून आमचा धाकटा उद्या त्याच गाडीनं द्राक्षांची पाटी पाठवतोय. तेवढी उतरवून घ्या, आणि तिच्यावर कोणाला बसू देऊ नका."