पदरापुरती बांधणी

मलकापुरात तेव्हा बांधणीच्या पातळांची फॅशन निघाली होती. बाया दुकानात जाऊन ‘जहांआराच्या हातचं दाखवा’ असं नाव घेऊन मागत. नवरा वारल्यावर याच कामावर तिनं दोन पोरी वाढवल्या होत्या. कापडाची चौपदरी घडी घालायची, गेरूचे ठिपके मारायचे, एकेक ठिपका करंगळीच्या नखानं उचलून दोऱ्यानं आवळायचा. पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा गाठी मारायच्या, मग लाल रंग. वाळल्यावर दोन्हीकडून ओढलं की गाठी तडतड सुटत आणि दोऱ्याखालचे ठिपके उघडे पडत.

धाकट्या भावानं, सईदनं, दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, “आपा, तू निरा पदरच बांधत जाय. आंगाचं काम खानदेशातल्या बायाइकडून करून आणतो. तुह्ये डोळे किती दिवस पुरतीन?”

भावाला आपल्या डोळ्यांची काळजी, म्हणून तिला भरून आलं होतं. तेव्हापासून ती पदर बांधून देई. पुढचं सगळं सईद बघे आणि पातळं आपल्या दुकानात विकी.

एके दुपारी कौशल्याबाई दारात उभ्या राहिल्या. डोणगावच्या. लेक मलकापुरात दिली होती. त्यांनी पिशवीतून पातळ काढून जहांआरापुढं टाकलं.

“पोरीच्या सासूनं पाण्यात घातलं, तं सारा रंग वाहून गेला. चार बायाइत म्हणे, आईनं नकली देल्लं. दुकानदारानं खरी बांधणी म्हून माह्यासमोर पदराच्या गाठी सोडल्या व्हत्या, तुमचं नाव घेऊन!”

जहांआरानं पदर हातात घेतला. गाठींच्या खुणा तिच्याच. अंग उलटं केलं तर मागून पांढुरकं. ठिपके एकासारखा एक, नुसते छापलेले.

“पदर माह्या हातचा हाये, बाई. आंग नाही.”

“भाऊ-बहीन मिळूनच केलं असंन,” असं म्हणून कौशल्याबाई पातळ तिथंच टाकून निघून गेल्या.

जहांआरा तशीच दुकानावर गेली. सईद गिऱ्हाइकापुढं पदराच्या गाठी सोडून दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली.

“काऊन केलं बे असं?”

“सगळेच करून राह्यले, आपा. लोकाइले ठिपके पाह्यजेत.”

“मले काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं, तं तू पदर बांधला असता काय?”

लहानपणी त्याचं बोट धरून तिनं त्याला गाठ मारायला शिकवली होती. ती घरी आली. भावाचं राहिलेलं कापड गठ्ठा बांधून तिनं त्याच्या दारात ठेवलं, आणि स्वतःच्या कापडावर गेरू टेकवला. महिनाभर बसून तिनं अख्खं पातळ बांधलं, रंगवलं आणि एसटीनं डोणगाव गाठलं.

कौशल्याबाईंनी आधी पातळ उलटं करून पाहिलं. ओलं बोट घासून पाहिलं. जहांआरा उभीच होती. तिच्या हाताचं काम असं कुणी आजवर तपासलं नव्हतं.

“बसा,” शेवटी कौशल्याबाई म्हणाल्या, “च्या मांडते.”

सईदला पदर बांधायला गल्लीतलीच दुसरी बाई मिळाली. दुकानात गाठी सुटतच राहिल्या, आणि पातळं विकली जात होती ती अजून जहांआराच्याच नावानं.